सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग पोट का दुखतंय?

लेखमाला : पाळीची दुखणी (भाग चौथा)

सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. जिचं पोट दुखत असतं तिची मात्र पंचाईत होते. आतापर्यंत निदान ‘काहीतरी असेल’ म्हणायला जागा होती, आता तीही गेली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा पोट धरून झोपली की ‘रिपोर्ट तर चांगला होता’ हे वाक्य तयार असतं, आणि ते घरच्यांइतकंच आम्ही डॉक्टरही वापरतो.

एंडोमेट्रिओसिसची तोंडओळख मागच्या भागात झाली आहे, ती फार उगाळत नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, हार्मोन्सना तिथेही प्रतिसाद देतात, भोवती दाह होतो आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटू लागतात. पाळीचं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातून हे घडतं, असं अमेरिकेतल्या ऑल्बनीचे डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं. पण असं थोडंफार उलटं रक्त बहुतेक बायकांमध्ये जातं; आजार होतो तो सुमारे दहा टक्के जणींना. मग त्यांनाच का, यावर आनुवंशिकता आणि प्रतिकारशक्ती अशा अंगांनी शोध चालू आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेतही या आजारावर काम चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगभरात १९ कोटी मुली आणि स्त्रिया याने त्रस्त आहेत. त्रास सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षं लोटतात. आठ-दहा वर्षं हा आकडा श्रीमंत देशांतही नवलाचा नाही. ती वर्षं कुठे जातात, ते आज पाहू. हा भाग मी मुख्यतः फॅमिली डॉक्टरांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे. रुग्णांनी वाचला तर उत्तमच. आपल्याला काय विचारलं जायला हवं होतं, हे त्यांनाही कळेल.

आधी त्या रिपोर्टचंच बघू. ओव्हरीत साचलेल्या जुन्या रक्ताची गाठ, जिला सगळे ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, ती सोनोग्राफीत छान दिसते. आतला द्राव दुधी काचेसारखा एकसारखा धुरकट असतो. गर्भाशयामागे, आतड्याच्या भिंतीत खोल रुतलेला आजार अनुभवी हातांना योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. पण पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर विखुरलेले काही मिलिमीटरचे ठिपके सोनोग्राफीला दिसत नाहीत, एमआरआयलाही बहुधा चकवा देतात. असल्या वरवरच्या ठिपक्यांनीही प्रचंड दुखू शकतं. आजाराच्या एक ते चार अशा पायऱ्या ठरवलेल्या आहेत, पण पायरीचा आणि वेदनेचा फारसा मेळ नसतो. चौथ्या पायरीची बाई केवळ मूल होत नाही म्हणून तपासायला येते आणि पहिल्या पायरीची मुलगी दर महिन्याला कॉलेज बुडवते.

त्यात आपल्याकडची एक खास अडचण आहे. मुलीचं लग्न झालेलं नसेल तर सोनोग्राफी पोटावरूनच होते, आणि पोटावरून खोलवरचं फार थोडं दिसतं. योनिमार्गातून तपासणी करायची की नाही हे तिच्या संमतीवर आणि तिच्याशी एकांतात झालेल्या बोलण्यावर ठरायला हवं. आपण ते मंगळसूत्र बघून ठरवतो. ती तपासणी नको असेल तर गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. दुसरं असं, की चिठ्ठीवर नुसतं ‘पोटाची सोनोग्राफी’ लिहून पाठवलं तर रेडिऑलॉजिस्ट अपेंडिक्स आणि मुतखडा बघून मोकळे होतात. ‘एंडोमेट्रिओसिसची शंका आहे, गर्भाशय आणि गुदाशय एकमेकांवरून सहज सरकतात का ते पाहावे, किडन्याही पाहाव्यात’ असं लिहिलं की तेच डॉक्टर, तेच मशीन आणि रिपोर्ट मात्र वेगळा येतो.

तेव्हा निदानाची खरी जागा सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आहे, समोरासमोरच्या बोलण्यात. ‘पाळीत दुखतं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. बहुतेक जणी हो म्हणतात, आणि ज्यांना सगळ्यात जास्त त्रास असतो त्या कधीकधी नाही म्हणतात, कारण आईला आणि मावशीला असंच व्हायचं हे ऐकत त्या मोठ्या झालेल्या असतात. (आईला आणि मावशीला असंच व्हायचं ही माहिती आहे. सख्ख्या नात्यात हा आजार असेल तर शक्यता कित्येक पटींनी वाढते. आपण ती दिलासा म्हणून ऐकतो.) त्यापेक्षा पाळीने काय काय बंद पडतं ते विचारावं. शाळा बुडते? शेतावर किंवा कामावर खाडा होतो? रात्री झोपेतून उठवतं? गोळी घेऊनही उलटी होते? दुखणं पाळीच्या किती दिवस आधी सुरू होतं, आणि पाळी संपल्यावर संपतं का? साधी पाळीची कळ बहुधा रक्तस्रावाबरोबर येते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. आठवडाभर आधीपासून ओटीपोट जड होणं, कंबर धरणं, मांडीत कळ उतरणं आणि वर्षागणिक हे दिवस वाढत जाणं, हा नमुना वेगळा आहे.

मग दोन प्रश्न असे, जे विचारताना आपणच खाली मान घालतो. पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना आत खुपतं का? आणि विवाहित असेल किंवा संबंध येत असतील तर, संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं का? दुसरा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारून काही हाती लागत नाही. त्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगणं हा तपासणीचाच भाग समजावा. ‘दुखतं’ असं उत्तर आलं की बऱ्याचदा त्यामागून रडू येतं, कारण घरात तिला टाळाटाळ करणारी ठरवलेलं असतं.

या आजाराचा आणखी एक गुण म्हणजे तो दुसऱ्यांच्या दारात जाऊन बसतो. दर महिन्याला जुलाब-बद्धकोष्ठ आणि पोट फुगणं असेल तर आयबीएसचं लेबल लागतं. पाळीत लघवीला जळजळतं, कल्चरमध्ये जंतू काही सापडत नाहीत, तरी अँटिबायोटिक्स चालू राहतात. सिझेरियनच्या व्रणाजवळ गाठ येते, पाळीत ती फुगते, दुखते, नंतर जरा बसते. टाक्याची गाठ किंवा हर्निया म्हणून ती सर्जनकडे फिरत राहते. फार क्वचित छातीतही आजार जातो, बहुधा उजव्या बाजूला, आणि पाळीच्या सुमारास फुफ्फुसाभोवती हवा भरून धाप लागते. या सगळ्यांना जोडणारा धागा कॅलेंडर आहे. कोणतीही तक्रार महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या दिवशी येत असेल तर ती कुठल्या अवयवाची आहे याला दुय्यम महत्त्व द्यावं. मोबाइलवर किंवा भिंतीवरच्या कालनिर्णयावर तीन महिने दुखण्याच्या दिवसांवर खूण करायला सांगितलं, तर महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त कळतं. जुन्या आजारात मात्र मज्जासंस्थाच हुळहुळी होते आणि दुखणं रोजचंच होऊन बसतं. त्यामुळे ‘तुझं तर रोज दुखतं, म्हणजे हे पाळीचं नाही’ असा उलटा निष्कर्ष काढू नये. सुरुवातीला कसं होतं ते विचारावं.

आपल्याकडे सगळ्यात लोकप्रिय निदान म्हणजे ‘पिशवीला सूज’. ओटीपोटात दुखलं, थोडं पांढरं जातं, की पिशवीला सूज. मग पाच दिवस अँटिबायोटिक, तीन महिन्यांनी पुन्हा तेच. जंतुसंसर्ग असतोच, नाही असं नाही. पण ताप नाही, स्राव विशेष नाही आणि ही ‘सूज’ चौथ्यांदा आली असेल, तर थांबून विचार करायला हवा. दुसरा गोंधळ क्षयरोगाचा. जननेंद्रियांचा टीबी आपल्याकडे खरोखर आढळतो. त्यातही मूल होत नाही, अवयव चिकटतात. सीए-१२५ नावाची रक्ताची चाचणी दोन्हीत वाढते, नुसत्या पाळीतही वाढते, म्हणून एंडोमेट्रिओसिस ओळखायला तिचा उपयोग नाही. ती लिहिणं थांबवलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही. आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या एका पीसीआर चाचणीच्या भरवशावर, दुसरा काही पुरावा नसताना, सहा महिने टीबीची औषधं सुरू करणं मला पटत नाही.

हाताने तपासताना गर्भाशयामागे दुखऱ्या गाठी लागल्या, गर्भाशय मागे वळून जागीच अडकलेलं वाटलं, तर शंका पक्की होते. काहीच लागलं नाही तर शंका जात नाही.

आता उपचार. पूर्वी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय, तुकडा तपासल्याशिवाय या आजाराचं नाव घ्यायचं नाही, असा दंडक होता. युरोपातल्या ‘एश्रे’ या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने तो सोडला. लक्षणं जुळत असतील तर दुर्बिणीची वाट न पाहता औषध सुरू करावं. तपासण्यांत काही न सापडता औषधांनीही गुण आला नाही किंवा औषध देणं योग्य नसेल, तर निदानासाठी दुर्बीण. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या डॉक्टरांसाठी हा बदल मोठा आहे.

वेदनाशामक गोळी बहुतेक मुली चुकीच्या वेळी घेतात, म्हणजे सहन होईनासं झाल्यावर. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं वेदना निर्माण करणारी रसायनंच तयार होऊ देत नाहीत. ती रसायनं तयार होऊन गेल्यावर गोळीला फार काही करता येत नाही. पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशी, नाहीतर पहिल्या चाहुलीला, जेवणानंतर सुरू करून दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळांना घ्यावी. दमा, अल्सर, किडनीचा त्रास आधी विचारावा. एवढ्याने भागत नसेल तर हार्मोन्स.

इथे आई-वडिलांचा चेहरा पडतो. ‘हार्मोनच्या गोळ्या, आणि त्याही लग्नाआधी?’ त्यांना स्वच्छ सांगावं की या गोळ्यांनी पुढे मूल व्हायला अडचण येत नाही आणि गोळी थांबवल्यावर पाळी परत सुरू होते. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज एक, मध्ये खंड न पाडता, हा आता आपल्याकडे रुळलेला उपाय आहे. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्याच महिन्यात गोळी कचऱ्यात जाते आणि आपण ‘औषध लागू पडलं नाही’ असं लिहून मोकळे होतो. मन उदास राहतंय का, डोकं दुखतंय का हे विचारत राहावं. किशोरवयात दीर्घकाळ द्यायची तर हाडांकडेही लक्ष हवं. या मात्रेत डायनोजेस्ट ही गर्भनिरोधक म्हणून मान्य गोळी नाही, हे विवाहितांना सांगायचं राहून जातं. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या सलग देणं स्वस्त पडतं आणि चालतंही. मात्र डोळ्यांपुढे प्रकाश चमकून सुरू होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब किंवा पूर्वी पायात रक्ताची गुठळी झालेली असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी देऊ नये. हार्मोन सोडणारी गर्भाशयात बसवायची ‘कॉपर टी’सारखी वस्तूही उपयोगी आहे, विशेषतः रोजची गोळी विसरणाऱ्यांना. कोणताही मार्ग धरला तरी साधारण तीन महिन्यांनी हिशेब मांडावा: किती दिवस बुडायचे, आता किती बुडतात.

एक उपचार मात्र बंद व्हायला हवा. ‘लग्न करून टाका, एक मूल झालं की थांबेल.’ गरोदरपणात काहींना बरं वाटतं, काहींना नाही, आणि नंतर त्रास परत येतो. आजार घालवण्यासाठी म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये, असं एश्रेने स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या सल्ल्यावर कुणाचं एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरू शकतं, याचं भान इथे ठेवावं लागतं.

या सल्ल्याचा थोरला भाऊ म्हणजे ‘पिशवी काढून टाका’. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांबद्दल राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक जणींच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे उचल होती, खाड्याचा दंड होता, कॅन्सरची घातलेली भीती होती. पाळीच्या तक्रारीवर पिशवी काढणं हे उत्तर किती सहज दिलं आणि घेतलं जातं, ते मात्र त्यातून दिसलं. एंडोमेट्रिओसिस हा गर्भाशयाबाहेरचा आजार आहे. बाहेरचं तसंच ठेवून पिशवी काढली तर दुखणं उरू शकतं, आणि पस्तिशीत ओव्हरीजही काढल्या तर हाडं आणि हृदय त्याची किंमत मोजतात.

तज्ज्ञांकडे कधी पाठवायचं? औषधाने गुण नाही, ओव्हरीत गाठ आहे, मूल हवंय आणि होत नाही, शौचातून किंवा लघवीतून पाळीच्या वेळी रक्त येतं, अशा वेळी थांबू नये. खोल रुतलेला आजार मूत्रनलिका आवळत जातो तेव्हा पाठीत दुखेलच असं नाही. किडनी गुपचूप निकामी होऊ शकते. सोनोग्राफीच्या चिठ्ठीत किडन्यांचा उल्लेख वर केला तो याचसाठी.

तज्ज्ञांना द्यायच्या चिठ्ठीत दुखण्याचे दिवस, आजवर घेतलेली औषधं आणि आधीच्या शस्त्रक्रिया लिहाव्यात. शिवाय एक ओळ, जी सहसा राहून जाते: तिला मूल हवंय का, आणि कधी. हार्मोन्स चालू असताना गर्भ सहसा राहत नाही आणि ती आधी देऊन पुढे गर्भ राहण्याची शक्यता वाढतही नाही. चॉकलेट सिस्ट काढताना तिच्याबरोबर ओव्हरीतली काही चांगली बीजंही जातात, दुसऱ्यांदा काढताना आणखी. म्हणजे गाठ काढायची, आधी बीजं गोठवून ठेवायची की थेट आयव्हीएफकडे जायचं, हा सगळा निर्णय त्या एका ओळीवर फिरतो. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रियेबद्दल बोलू तेव्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल.