जपानीकडे जाणारी मराठी वाट

नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी जपानी शिकवते. वर्गात येणारी मुले बहुतेक नोकरीचा विचार करून येतात. जेएलपीटी या परीक्षेच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पायऱ्या आहेत. त्यांतल्या दोन-तीन चढल्या की कंपनीचे दार उघडेल, हा त्यांचा हिशेब. तो चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र या परीक्षेतले प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. स्वतःचे एक वाक्यही लिहावे वा बोलावे लागत नाही. साहजिकच साहित्य आणि संस्कृती हे विषय मुलांना वरचे ओझे वाटतात. माझा अनुभव उलटा आहे: या दोहोंवाचून भाषाच हाती येत नाही. आणि तिथवर पोचायला मराठी माणसाला जवळची वाट आहे. आपण उगाच इंग्रजीचा वळसा घालतो.

आधी अक्षरे पाहू. जपानी स्वरांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो आला. 'सा' आपल्या चवर्गाच्या जागी बसतो आणि 'हा' पवर्गाच्या, कारण प्राचीन काळी त्याचा उच्चार 'पा' होता. बाराखडी घोकलेल्या मुलाला हा तक्ता चटकन उमगतो. नित्य वापराची २१३६ कांजी चिन्हे मात्र कष्टानेच शिकावी लागतात.

वाक्यरचनेत जवळीक आणखी वाढते. क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे काम करणारे प्रत्यय नामानंतर लागतात. 'मिरु' म्हणजे बघणे, 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे, 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. इंग्रजीतून समजावताना जिथे नियम सांगावा लागतो, तिथे मराठीत उदाहरण पुरते. घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येतो'. घरातून उत्तर येते, 'जाऊन या'. नुसते 'जातो' म्हणू नये, हे आपल्या आज्जीने आपल्याला शिकवलेलेच असते.

पण साम्याच्या भरवशावर फार पुढे जाता येत नाही. आपण परक्यांसमोरही 'बाबा म्हणाले' असे आदरार्थी बोलतो. जपानीत वडिलांना हाक मारताना 'ओतोसान' म्हणतात. बाहेरच्या माणसाशी त्यांच्याविषयी बोलताना साधे 'चिचि'. तिथे आपल्या माणसाला मोठेपणा द्यायचा नसतो. कचेरीतही तसेच: ग्राहकाशी बोलताना आपल्या साहेबांच्या नावापुढचे 'सान' गळते. 'उचि' आणि 'सोतो', म्हणजे आतले आणि बाहेरचे, ही तिथल्या समाजाची विभागणी क्रियापदांत उतरली आहे. ती कळायला कथा-कादंबऱ्या वाचाव्या लागतात. कोण कोणाशी कोणत्या रूपात बोलतो, हे तिथे जिवंत दिसते.

साहित्याचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी हायकू मराठीत रुजवला. तो आपल्याकडे आला इंग्रजीच्या मार्गाने आणि तीन ओळींत स्थिरावला. बहुधा दोन ओळींचे यमकही जुळू लागले. जपानीत हायकू पाच-सात-पाच ध्वनिमात्रांचा, यमकाविना, आणि सहसा एकाच उभ्या ओळीत लिहिला जातो. ऋतू सुचवणारा शब्द आणि मध्येच थांबवणारा 'छेद-शब्द' हे त्याचे परंपरागत घटक. मराठी हायकूने स्वतःचे रूप घडवले, त्यात कमीपणा काही नाही. पण मूळ वाचता आले, तर आपण काय घेतले आणि काय वाटेत गळले, हे निदान कळते.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांच्यामुळे जपानीचे अध्यापन चांगले रुजले आहे. जपानी जाणणारे मराठी तरुण आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. ते दिवसभर कंपन्यांची पत्रे आणि करार इंग्रजीत उतरवतात. यांतल्या काहींनी एखादी कथा थेट मराठीत आणली नाही, तर जपानी साहित्य आपल्याला दुसऱ्या हातानेच मिळत राहील. म्हणून माझ्या वर्गात आठवड्याला एक परिच्छेद थेट मराठीत उतरवायचा, असा नेम ठेवला आहे. त्याला गुण नाहीत. तरी मुले वाद घालतात ती याच तासाला: इथे 'तू' बसेल की 'तुम्ही'?