एफसी गोवा आणि शेवटची पाच मिनिटं

आयएसएलमधल्या एफसी गोवाच्या बाद फेरीतल्या पराभवांची वेळ पाहा.

📌 2015, अंतिम सामना, फातोर्डा: 87व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलने 2-1 आघाडी. तरी चेन्नईयिनने त्यानंतर दोन गोल करून करंडक नेला.

📌 2018-19, अंतिम सामना, मुंबई: जादा वेळेत, 117व्या मिनिटाला बेंगळुरूच्या राहुल भेकेचा हेडर. 0-1.

📌 2020-21, उपांत्य फेरी: मुंबई सिटीविरुद्ध दोन सामन्यांनंतर बरोबरी, पेनल्टी शूटआउटमध्ये 5-6.

📌 2023-24, उपांत्य फेरी: पहिल्या सामन्यात फातोर्ड्यावर 90व्या मिनिटापर्यंत 2-0 पुढे. मुंबई सिटीने काही मिनिटांत तीन गोल केले. 2-3.

📌 2024-25, उपांत्य फेरी: बेंगळुरूत 0-2 हरल्यावर घरी बोर्हा आणि सादिकूने पिछाडी भरून काढली. जादा वेळ समोर दिसत असताना सुनील छेत्रीचा हेडर! एकूण 2-3.

माझ्या मते यात नशिबाचा वाटा थोडा आहे. चेंडू ताब्यात ठेवून चढाई करणं ही गोव्याची ओळख, आणि ती मला प्राणप्रिय आहे. पण आघाडी मिळाल्यावर वेग कमी करणं, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात नेणं, क्रॉस येण्याआधीच रोखणं, हेही कौशल्यच आहे. त्याचा सराव हवा.

या संघात दम आहेच: 2019-20ची लीग शील्ड, 2021चा ड्युरँड कप, 2019 आणि 2025चे सुपर कप. आयएसएल करंडकही गोव्यात येईल, याची मला खात्री आहे. फोर्सा गोवा! 🧡

तुम्हाला यातला कोणता पराभव सर्वांत जास्त लागला?