अंगणांतील कापूस आणि घरचें सूत

चैत्र-वैशाखांत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील सांवरीचीं बोंडें उकलतात आणि त्यांतील रेशमासारखा कापूस वाऱ्याबरोबर आसपासच्या वस्तींत तरंगत येतो. रेल्वेच्या कडेला आपोआप उगवणाऱ्या रुईच्या फळांतूनही तसाच पांढरा झुपका बाहेर पडतो. हा कापूस फुकट मिळतो, दिसावयास कपाशीहून अधिक तलम असतो. मग त्याचें सूत कां काढीत नाहींत, असा प्रश्न घरांतील मुलें विचारतात. प्रश्न बाळबोध दिसला तरी त्याच्या उत्तरांत सूतकताईचें मर्म आहे. आपल्या आवारांत किंवा गच्चीवर सुतासाठीं झाड लावण्याची ज्यांना हौस असेल, त्यांनीं आधीं हें उत्तर समजून घेणें अवश्य आहे.

सांवरीचा आणि रुईचा तंतु म्हणजे एक गुळगुळीत, सरळ व पोकळ नळी असते. असे तंतु एकत्र पिळले तरी ते एकमेकांवरून घसरतात आणि ओढतांच धागा सुटतो. म्हणून सांवरीचा कापूस उशा-गाद्यांत भरतात आणि रुईच्या कापसाच्या वाती वळतात. त्याचें कापड विणावयास कोणी बसत नाहीं. कपाशीची गोष्ट निराळी आहे. तिच्या बियेच्या सालीवरील एकेक पेशी लांबत जाऊन एकेक तंतु होतो. फूल उमलल्यापासून सुमारें तीन आठवडे त्याची लांबी वाढते; पुढें आंतल्या बाजूनें सेल्युलोजचे थर एकावर एक बसूं लागतात. दीड-दोन महिन्यांनीं बोंड उकलतें, हवा लागून तंतु वाळतो, आणि ती गोल नळी चपटी होऊन फितीसारखी पिळवटते. देशी कपाशीचा तंतु जेमतेम इंचभर लांब, पुष्कळदां त्याहूनही आंखूड, आणि रुंदीला मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो. परंतु त्याच्या अंगीं हा निसर्गाचा पीळ असल्यामुळें एक तंतु दुसऱ्यांत अडकतो, आणि माणसाच्या हातानें दिलेला पीळ त्यांत टिकून राहतो.

सूत काढण्याजोग्या वनस्पतींत कपाशीखेरीज अंबाडी, ताग, घायपात व केळ यांचींही नांवें येतात. अंबाडीची भाजी महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच खोडाच्या सालीपासून वाख निघतो व त्याचे दोर वळतात. केळीच्या सोपटानें फुलांचे हार बांधण्याची रीत मुंबईंतील फुलवाल्यांच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु अंबाडीचा किंवा तागाचा वाख सोडवावयाचा म्हणजे खोडें बरेच दिवस पाण्यांत कुजवावीं लागतात. त्या पाण्याला जी दुर्गंधि येते, ती शेताच्या कडेच्या डबक्यांत खपते; मुलुंडच्या चौथ्या मजल्यावर शेजारी ती सहन करणार नाहींत. शिवाय हा वाख राठ असल्यानें त्याचे दोर, सुतळ्या व गोणपाट होतात. घरच्या घरीं, दुर्गंधीवांचून आणि मोठ्या यंत्रावांचून ज्याचें मऊ सूत निघूं शकेल, असें आपल्याकडील झाड म्हणजे कपाशीच होय.

कोंकणपट्टींत कपाशीचें शेत पाहावयास मिळत नाहीं. विदर्भ-खानदेशांतील काळ्या जमिनीचें तें पीक. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याचे चार महिने दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उकललेलें बोंड पावसांत सांपडलें कीं तें कुजून काळें पडतें. असें असूनही कोंकणांतील घरांच्या परसांत एक कापूस फार पूर्वीपासून वाढत आला आहे. त्यास देवकापूस म्हणतात. शेतांतील कपाशी एका हंगामानंतर उपटून टाकतात. देवकापसाचें झाड मात्र चार-पांच वर्षें उभें राहतें व पुरुषभर किंवा त्याहूनही उंच होतें. निरांजनाच्या वाती, फुलवाती, पूजेंतील कापसाचीं वस्त्रें आणि जानव्याचें सूत यांसाठीं तो राखून ठेवीत, म्हणून त्यास हें नांव पडलें. लक्षवातींचें व्रत घेणाऱ्या स्त्रिया चातुर्मासांत हाच कापूस मांडीवर वळीत बसत. घरच्या कापसाची परंपरा उपनगरांतील वाड्यांना ठाऊक होती ती अशा रूपानें. वात हें तिचें मुख्य फळ, आणि सूत हें दुय्यम.

देवकापसाचें किंवा देशी कपाशीचें बीं मिळालें, तर त्याची लागवड अवघड नाहीं. बियांवर आंखूड लव असते. ती ओल्या मातींत किंवा राखेंत चोळून बसवावी आणि बीं रात्रभर भिजत घालून पेरावें. मोसमी पावसाच्या आरंभीं पेरल्यास फुलें भर पावसांत येतात व बोंडें हातचीं जातात. म्हणून उपनगरांतल्या हवेंत जुलैच्या अखेरीस पेरणें अधिक सोयीचें. देशी कपाशीला पेरणीनंतर दोन-अडीच महिन्यांनीं फूल येतें. तेव्हां नवरात्राच्या सुमारास फुलें आणि मार्गशीर्षाच्या कोरड्या हवेंत बोंडें, असा मेळ बसतो. देवकापूस पहिल्या वर्षीं थोडा उशीर करतो, पुढें दर हिंवाळ्यांत बहरतो. मुळें सरळ खोल जातात, सबब कुंडी निदान दीड फूट खोल असावी व तिच्या तळाशीं पाणी निचरण्यास भोंकें असावींत. दिवसांतून सहा तास तरी ऊन लागलें पाहिजे. उंच इमारतींच्या सांवलींतील बाल्कनींत झाड वाढतें खरें, पण बोंडें धरीत नाहीं. हातभर वाढ झाली कीं शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात.

देशी कपाशीचें फूल बहुधा पिवळें, आणि त्याच्या तळाशीं जांभळट डाग असतो. सकाळीं उमललेलें फूल दुसऱ्या दिवशीं तांबूस होऊन मिटतें. पिठ्या ढेकूण व मावा हे या झाडाचे नेहमींचे शत्रु. सौम्य साबणाच्या पाण्यानें पानें धुतल्यास ते आटोक्यांत राहतात. उकललेल्या बोंडांवर तांबडे ढेकूण जमतात व त्यांच्यामुळें कापसावर पिवळे डाग पडतात, म्हणून बोंड पुरतें उकलतांच कापूस वेंचावा. वेंचणी दंव सुकल्यावर करावी आणि वाळल्या पानाचा कचरा त्यांत येऊं देऊं नये. नंतर निवडण्यांत जातो त्याच्या दसपट वेळ या एका काळजीनें वांचतो.

वेंचलेला कापूस एक दिवस उन्हांत तापविला कीं सरकी सुटी करणें सोपें जातें. त्यासाठीं एक गुळगुळीत पाट आणि एक लोखंडी सळई पुरेशी आहे. पाटावर बोंडाची एक पाकळी ठेवून तिच्यावरून सळई पुढें लाटावी. सरकी पुढें निसटते व कापूस मागें राहतो. पुढची क्रिया पिंजण्याची. थोड्या कापसासाठीं पिंजणाची जरूर नाहीं. बोटांच्या चिमटींत धरून तंतु हलक्या हातानें पुन्हां पुन्हां ओढून मोकळे व समांतर करावे. खादीच्या कार्यकर्त्यांत या रीतीस तुनाई म्हणत. मोकळा झालेला कापूस बारीक काठीवर गुंडाळून काठी काढून घेतली कीं पेळू तयार होतो. पेळूचें टोंक टकळीच्या तारेला लावावें, उजव्या हातानें टकळी फिरवावी व डावा हात संथपणें मागें न्यावा. पीळ आधीं चढला तर धागा लांबत नाहीं. हात आधीं पळाला तर तो तुटतो. हा मेळ साधणें हीच कताईची विद्या आहे. ती सांगून येत नाहीं. सात-आठ दिवस बसून पुष्कळ तुटके तुकडे गोळा झाल्यावर येते.

आतां या श्रमांतून हातीं काय येतें, याचा हिशेब मांडिला पाहिजे; कारण हौसेच्या कामांत बहुतेकांची निराशा होते ती हिशेब न मांडल्यामुळें. या हिशेबाला इतिहासांतच एक माप मिळतें. डिसेंबर १९२४ मध्यें बेळगांव येथें गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन झालें. त्या वेळीं सभासदत्वासाठीं दरमहा २,००० वार, म्हणजे वर्षाला २४,००० वार सूत देण्याची अट मान्य झाली. पुढच्याच वर्षीं ती ऐच्छिक करण्यांत आली आणि सूतकताईचें कार्य नव्या अखिल भारत चरखा संघाकडे गेलें. शहरांत राहणाऱ्या एका सुशिक्षित माणसानें वर्षभरांत किती सूत द्यावें, याची त्या काळची अपेक्षा या आंकड्यांत नोंदलेली आहे.

समजा, हें सूत वीस नंबरचें आहे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडांत ८४० वारांच्या जितक्या गुंड्या बसतात तितका आंकडा. त्या हिशेबानें २४,००० वारांना सुमारें ६५० ग्रॅम निखळ कापूस लागतो. वेंचलेल्या कापसांत दोन तृतीयांश वजन सरकीचें असतें. म्हणजे दोन किलो कापूस वेंचला पाहिजे. देशी कपाशीचें एक बोंड अडीच ग्रॅम धरलें, तर आठशें बोंडें झालीं. कुंडींतल्या एका झाडावर हंगामांत पन्नास बोंडें आलीं असें मानलें, तर सोळा कुंड्या हव्यात. त्या सुताचें कापड किती होईल? इंचांत चाळीस उभे व चाळीस आडवे धागे असलेल्या एका चौरस वाराला २,८८० वार सूत लागतें. घट-तूट धरून तें ३,२०० वार समजावें. म्हणजे एका वर्षाच्या सुतांतून साडेसात चौरस वार कापड निघतें. नऊ वारांचें एक लुगडें सव्वा वार रुंद धरलें तरी त्यास अकरा चौरस वारांहून अधिक कापड हवें. सोळा कुंड्या आणि वर्षभराची नियमित कताई यांतून घरांतील एका स्त्रीचें एक लुगडेंही पुरें होत नाहीं.

हा हिशेब ऐकून कोणी हातपाय गाळण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतून दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. पहिली ही कीं, उपनगरांतील कुटुंब गच्चीवरच्या कापसानें आपलें वस्त्र भागवूं शकणार नाहीं, आणि तसा दावा करणें म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची. दुकानांत शे-दोनशें रुपयांना मिळणाऱ्या कापडामागें किती झाडें, किती वेंचणारे हात आणि किती पीळ असतात, हें ज्यानें दोन कुंड्यांचा कापूस काढून पाहिला त्यालाच कळतें. दोन कुंड्यांच्या शंभर बोंडांतून फार तर तीन हजार वार वीस नंबरी सूत निघेल. त्याचा हातरुमालाहून बरा मोठा तुकडा विणून घेतां येईल. नवशिक्याचें सूत जाड येतें, तेव्हां त्याचे वार याहून कमीच भरतील. तेवढें एका मुलाच्या एका वर्षाच्या शिक्षणाला पुरेसें आहे. १९३७ साली वर्धा येथें मूलोद्योगी शिक्षणाचा विचार झाला, त्यांत सूतकताईला प्रमुख स्थान मिळालें. पुढें पुष्कळ शाळांत टकळी आली आणि कालांतरानें गेली. तिच्या जाण्याचें एक कारण असें दिसतें कीं, मुलांच्या हातीं तयार पेळू पडे. कापूस कोठून आला हें त्यांना कधींच दिसलें नाहीं. झाड, बोंड, सरकी व सूत हा सारा क्रम डोळ्यांपुढें घडला, तर टकळी कंटाळवाणी होत नाहीं.

उपनगरांना या कार्याची ओळख नवी नाहीं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत अंधेरीशेजारच्या विलेपार्ल्याला सत्याग्रहींची छावणी होती. बोरिवलीचें कोरा केंद्र ग्रामोद्योगाच्या कार्यासाठींच उभें राहिलें. कापसाच्या तंतूचें शास्त्रीय परीक्षण करणारी प्रयोगशाळा माटुंग्याला १९२४ पासून आहे. ज्या वर्षीं बेळगांवास सुताची अट झाली, त्याच वर्षीं ती स्थापन व्हावी हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

या लहान उद्योगाला आज आणखी एक प्रयोजन प्राप्त झालें आहे. १९४७ साली देशांतील कपाशीखालील जमिनीपैकीं शेंकडा ९७ च्या आसपास जमिनींत देशी वाण होते. पुढें लांब धाग्याचे अमेरिकन वाण व त्यांचे संकर पसरले. २००२ साली जनुकीय बदल केलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि आतां शेंकडा नव्वदांहून अधिक क्षेत्र तिच्याखालीं आहे. संकरित बियाणें शेतकऱ्यास दर वर्षीं विकत घ्यावें लागतें. त्याची सरकी पुन्हां पेरून तेंच पीक येत नाहीं. देवकापसाची सरकी मात्र जपून ठेवावी, पेरावी आणि शेजाऱ्यास द्यावी. तिच्यांतून बहुतांशीं तसेंच झाड येतें. जुन्या वाड्या पडून त्यांच्या जागीं इमारती झाल्या, त्यांबरोबर परसांतलीं हीं झाडेंही गेलीं. ज्या घरांत दोन कुंड्यांपुरतें ऊन आहे, तेथें हें बीं राखतां येईल. देव्हाऱ्यांतील वर्षाच्या वाती त्यांतून सहज होतील, मुलाच्या टकळीवर थोडें सूत निघेल, आणि मूठभर सरकी पुढच्या श्रावणासाठीं डब्यांत शिल्लक राहील. ती डब्यांत घालतांना तिच्यांत चिमूटभर राख मिसळावी, म्हणजे कीड लागत नाहीं.