कडी बदलण्याआधी
घरातलं जनावर : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण साखळीबद्दल बोललो. साखळी सोडवून पिंजरा आणला की प्रश्न मिटला, अशा समजुतीनं बऱ्याच घरांत पिंजरा येतो आणि थोड्याच दिवसांत नवीनच तक्रार सुरू होते. कुत्रा पिंजऱ्यात राहत नाही. बाजारातून आल्यावर बघावं तर दार सताड उघडं, तळाचा ट्रे अर्धा बाहेर ओढलेला, कोपऱ्यातल्या तारा वाकलेल्या, आणि कुत्रा अंगणात किंवा थेट गल्लीच्या टोकाला.

मग पहिली धाव वेल्डिंगच्या दुकानाकडे. जाड सळई लावा, मोठी कडी लावा, वरून कुलूप. आपल्याकडे ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवायची जुनी रीत आहे. पळणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आपला हात सवयीनं तिकडेच वळतो. माझं म्हणणं इतकंच की त्या दुकानात जाण्याआधी कुत्रा बाहेर कसा पडतो आणि बाहेर पडल्यावर काय करतो, हे एकदा डोळ्यांनी बघा. पळणारे कुत्रे दोन अगदी वेगळ्या जातकुळीचे असतात. एकाला नवी कडी पुरते. दुसऱ्याला तीच कडी रक्तबंबाळ करते.

बघणं अवघड नाही. घरातला जुना मोबाईल पिंजऱ्यासमोर टेकवून ठेवा, चित्रीकरण सुरू करा, नेहमीसारखं दार लावून बाहेर पडा. एकटेपणानं घाबरणारा कुत्रा बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच ते दाखवतो, म्हणून तेवढं चित्रीकरण पुरेसं असतं.

पहिल्या जातीचा कुत्रा त्यात शांत दिसेल. थोडा वेळ पडून राहील, आळस देईल, उठून नाकानं कडी वर ढकलेल, पंजानं दार ओढेल. एकदा जमलं नाही तर पुन्हा. बाहेर आला की पाणी पिईल आणि दिवाणावर जाऊन झोपेल. हा कुत्रा घाबरलेला नाही, तो एक युक्ती शिकलाय. दुसरा कुत्रा तुमची पाठ फिरताच धापा टाकू लागतो. लाळेनं छाती ओली होते. तो कडीकडे बघतही नाही. दार असेल त्या बाजूची जाळी दातांनी ओढतो, त्याच जागी खणत राहतो, भुंकतो, रडतो, कधी आतच लघवी करतो. बाहेर पडला तरी थांबत नाही. घराच्या दारापाशी जाऊन तिथली चौकट ओरबाडू लागतो.

आधी युक्तीवाल्याचं बघू, कारण त्याचा प्रश्न सोपा आहे आणि आपणच तो वाढवलेला असतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८९८ साली कोलंबिया विद्यापीठात जे प्रयोग मांडले, ते नेमके याच विषयावरचे होते. त्यानं लाकडी पट्ट्यांच्या पेट्या केल्या, त्यात भुकेली मांजरं आणि कुत्रे ठेवले, खाणं बाहेर ठेवलं. दोरीचा फास ओढला किंवा कळ दाबली की दार उघडे. जनावर सुरुवातीला वाटेल ते करे, त्यातच चुकून दोरी ओढली जाई आणि दार उघडे. पुढच्या खेपेला त्याला थोडा कमी वेळ लागे, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी कमी. जनावर विचार करून कडी समजून घेतं असं नव्हे, असं थॉर्नडाइकनं दाखवलं. ज्या हालचालीनं सुटका झाली ती हालचाल पक्की होत जाते, बाकीच्या गळून पडतात.

म्हणजे कुत्रा एकदा निसटला की ते निसटणं हाच त्याचा धडा आणि तेच बक्षीस. आणि इथेच आपली सुतळी नडते. आज कडीला सुतळी बांधली, उद्या त्यानं ती कुरतडली, परवा तार गुंडाळली, तेरवा तीही सुटली. प्राण्यांच्या शिकण्यावर नंतर जे काम झालं, विशेषतः बी. एफ. स्किनर यांचं, त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: दर वेळी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा मधूनमधून फळ मिळणारी सवय मोडायला जास्त चिवट असते. रोज थोडी थोडी डागडुजी करत जाणं म्हणजे कुत्र्याला चिकाटी शिकवणं. करायचं तर एकदाच आणि नीट करा.

नीट म्हणजे काय? घडीच्या तारेच्या पिंजऱ्याचा कमजोर भाग बहुधा दाराची कडी नसतो, कोपरे असतात. बाजू एकमेकींना नुसत्या आकड्यांनी अडकवलेल्या असतात. आतून धक्का बसला की आकडा वर सरकतो. चारही कोपऱ्यांना वर आणि खाली लोखंडी स्प्रिंगचा हूक लावा. प्लॅस्टिकचे केबल टाय काही कुत्रे एका दुपारीत चावून टाकतात. तळाचा ट्रे ज्या फटीतून सरकतो ती फट बाहेरून पट्टी लावून बंद करा, कारण खणणारा कुत्रा ट्रे ढकलून तिथूनच वाट काढतो. सरकत्या कडीची दांडी फिरवून खाचेत खाली बसेल अशी हवी. नाकानं वर ढकलता येणारी कडी ही कडीच नव्हे. आणि एकाच कडीवर विसंबू नका, दाराला वर एक आणि खाली एक अशा दोन असू द्या, म्हणजे खालचा कोपरा वाकवून डोकं घालता येत नाही.

वेल्डिंगवाल्याकडून करून घेणार असाल तर कोंबड्यांची षटकोनी जाळी वापरू देऊ नका. ती कुत्र्यासाठी नाहीच. अँगलच्या चौकटीवर एक इंची वेल्डमेश बसवायला सांगा. भोक मोठं असलं की खालचा जबडा अडकतो, आणि अडकलेला जबडा ओढताना सुळा तुटतो. पिलाला तर सळ्यांमधलं अंतर त्याच्या डोक्यापेक्षा कमीच हवं. कारवानी जातीचा कुत्रा असेल तर जास्तच काळजी घ्या: त्याचं डोकं अरुंद, अंग चपटं, आणि मानेपेक्षा डोकं बारीक असल्यामुळे साधा पट्टा तो मागे सरकून सहज काढतो. जाळीची कापलेली टोकं आतल्या बाजूला राहिली असतील तर कानशीनं घासून घ्या. पिंजऱ्यात ठेवताना गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो आकड्यात अडकून फास बसतो. कुलूप लावणारच असाल तर किल्ली तिथेच खिळ्याला टांगा. घरात आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर किल्ली शोधायला वेळ नसतो.

माप मात्र तडजोड न करता. कुत्रा मान ताठ ठेवून उभा राहिला तर कान छताला लागता कामा नयेत, जागच्या जागी वळता यावं, पाय पसरून आडवं होता यावं. हा काही लाड नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये पुरेशी उंची, लांबी, रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात जनावर ठेवणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायामाला बाहेर न काढणं हाही गुन्हा म्हटला आहे. पहिल्यांदा घडलेल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि ही पन्नासची मर्यादा १९६० नंतर वाढलेलीच नाही, ही गोष्ट मला फार खुपते. दुसऱ्या बाजूनं, तुमचा कुत्रा निसटून कुणाला चावेल अशी वेळ हलगर्जीपणानं आणली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून पिंजरा मजबूत हवा हे खरंच आहे. फक्त तो दुसऱ्या जातीच्या कुत्र्यासाठी नाही.

आता तो दुसरा. एकटं पडल्यावर ज्याचा जीव गोळा होतो, त्याला जास्त मजबूत पिंजऱ्यात घालणं म्हणजे बुडणाऱ्याचे हात बांधणं. अशा कुत्र्यांना होणाऱ्या जखमा ठरलेल्या असतात: तुटलेले सुळे, मुळापासून उखडलेली नखं, सोललेलं नाक, रक्ताळलेल्या हिरड्या. कुत्रा हे हट्टानं करत नाही. भीतीचा झटका आला की वेदना जाणवायचं भानच राहत नाही.

आणि समजा, पिंजरा इतका भक्कम झाला की त्याला बाहेर पडताच येईना. काही दिवसांनी तो धडपड थांबवतो. घरातले म्हणतात, बघा, बसली सवय. इथे मला वाचकांना कळकळीनं थांबवावंसं वाटतं. १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आज ते कुणी करू देणार नाही इतके ते कठोर होते. काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले की जे त्यांना काही केल्या थांबवता येत नव्हते. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की धक्का चुकवता येत होता. ज्या कुत्र्यांना आधी तो अनुभव नव्हता ते उडी मारायला शिकले. आधी सोसलेले बरेचसे कुत्रे तिथेच पडून राहिले, कण्हत राहिले, अडसर ओलांडलाच नाही. काहीही केलं तरी उपयोग नाही, एवढंच ते शिकले होते. तेव्हा पिंजऱ्यात गप्प बसलेला कुत्रा समाधानी आहे की खचलेला, हे त्याच्या गप्प बसण्यावरून कळत नाही. तो आत असताना दिलेली भाकरी खातो का, कुशीवर सैल होऊन झोपतो का, दार उघडं असताना आपणहून आत जातो का, यावरून कळतं.

स्वीडनमध्ये तर घरात कुत्र्याला पिंजऱ्यात बंद करून ठेवायला परवानगीच नाही; प्रवासासारखे मोजके अपवाद सोडले तर पिंजऱ्याचं दार उघडं असावं लागतं. आपल्याकडे लगेच तसं व्हावं असं मी म्हणत नाही. पण घाबरणाऱ्या कुत्र्याला पिंजऱ्याऐवजी एखादी खोली, जाळी लावलेला व्हरांडा, किंवा शेजारच्या आजीजवळ दुपारपुरता थारा मिळाला तर निम्मा प्रश्न तिथेच हलका होतो. शेतातल्या आखाड्यावरच्या राखणीच्या कुत्र्याला दिवसा छपराखाली जाळीचं लांबलचक आवार केलं तर पिंजऱ्याची गरजही उरत नाही.

भीती फार असेल तर हा आजार समजून उपचार करावा लागतो. क्लोमिप्रामिन हे औषध कुत्र्यांच्या विरहभीतीसाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्य झालं, फ्लुओक्सेटिन २००७ मध्ये. दोन्ही औषधं माणसांसाठी मेडिकलमध्ये मिळतात म्हणून स्वतःच्या मनानं गोळी देऊ नका. मात्रा कुत्र्याच्या वजनावर आणि तब्येतीवर ठरते, परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि सोबत सवयीचं शिक्षण नसेल तर नुसत्या गोळीनं फार काही होत नाही. परभणीकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच आहे. तिथे जाताना मोबाईलवरचं ते चित्रीकरण घेऊन जा. डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा ते जास्त सांगेल.

पळण्याचं एक तिसरं कारण परभणीत कधी विसरू नये, ते म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. गच्चीवर पत्र्याखाली ठेवलेल्या लोखंडी पिंजऱ्यात त्याहून जास्त. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि भोवतीची हवाच तापलेली असली की तोही उपाय चालत नाही. त्याचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात. अशा दुपारी पिंजरा तोडणारा कुत्रा युक्तीबाज नसतो आणि भित्राही नसतो, तो जीव वाचवत असतो. जीभ लांब लोंबतेय, लाळ चिकट झालीय, पाय लटपटताहेत असं दिसलं तर सावलीत आणून अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. हिवाळ्यात उलट: पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा उघड्या जाळीत फरशीवर झोपवलेला कुत्रा रात्रभर कुडकुडतो. पोतं आणि तीन बाजूंनी आडोसा, एवढं तरी हवंच.

युक्तीवाला असो की थोडासा घाबरट, शिकवण्याची रीत एकच, आणि ती घाईनं होत नाही. पहिले काही दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवायचं. रोजचं खाणं आत द्यायचं. तो आपण होऊन जाऊ लागला की खाईपर्यंतच दार लोटायचं, ताट रिकामं व्हायच्या आत उघडायचं. मग घटकाभर जास्त. मग तुम्ही खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत. मग नजरेआड, पण क्षणभरच. ज्या टप्प्यावर तो धापा टाकू लागेल, तिथून दोन टप्पे मागे यायचं. शिक्षा म्हणून आत कधीच कोंडायचं नाही. एकदा ते केलं की आधीची सगळी मेहनत पाण्यात. आणि आत टाकण्याआधी त्याला भरपूर फिरवून, लघवी करवून आणायचं, कारण पुष्कळ कुत्रे फक्त त्यासाठीच दार ओरबाडतात. पिलाला जितके महिने झाले त्यात एक मिळवा, तितक्या तासांपेक्षा जास्त ते लघवी रोखू शकत नाही असं धरून चाला. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा सलग चार-पाच तासांपलीकडे बंद ठेवू नये.

आत भुंकू लागला तर उघडायचं की नाही, यावर घराघरात वाद होतो. भुंकून तुमच्याकडे बघत असेल, मध्येच थांबून कानोसा घेत असेल, तर तो मागणी करतोय. क्षणभर गप्प झाल्यावर उघडा, भुंकतानाच नको. पण लाळ गळतेय, जाळी चावतोय, नजर कुठेच ठरत नाही असं असेल तर वाट बघू नका, ताबडतोब उघडा. भीती दाबून शिकवता येत नाही. कुत्रा सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, माणूस २० हजारांपर्यंत. त्यामुळे मिरवणुकीतल्या डीजेचा किंवा सुतळी बॉम्बचा त्याला होणारा त्रास आपल्या कानांनी मोजूच नये. त्या रात्री पिंजरा आतल्या खोलीत, खिडक्या बंद, दार उघडं आणि घरातलं कुणीतरी जवळ. तो पलंगाखाली गेला तर जाऊ द्या.

हे सगळं शिकवून झालेल्या कुत्र्याला पिंजऱ्याचा फायदाही होतो, विशेषतः प्रवासात. परभणी जंक्शनवरून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचं असेल तर कुत्रा तुमच्यासोबत फक्त फर्स्ट एसीमध्ये नेता येतो, तेही पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर. नाहीतर तो गार्डच्या ब्रेकव्हॅनमधल्या बंद पेटीत रात्रभर एकटा. ज्याला बंद जागेची ओळखच नाही अशा कुत्र्याला त्या पेटीत घालू नका. शिकवायला निदान दोन महिने हाती ठेवून तिकीट काढा. प्रवासाला लागणारं आरोग्य प्रमाणपत्र आणि रेबीजच्या लसीची नोंद यांबद्दल पुढच्या लेखांकात.