अँगोव्ह : एका लोहारकीच्या आडनावाचा मागोवा

ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलमधले अँगोव्ह हे आडनाव मुळात दोन शब्दांचे आहे. कॉर्निश भाषेत ‘गोव्ह’ म्हणजे लोहार. त्याआधीचे ‘अन’ हे नुसते उपपद, ‘तो लोहार’ एवढेच सांगणारे. उपपद नावाला चिकटून गेल्याची उदाहरणे कॉर्नवॉलमध्ये आणखीही आहेत. उंच माणसाचे ‘अन हिर’ पुढे अ‍ॅनिअर झाले, गोऱ्या किंवा पांढऱ्या केसांच्या माणसाचे ‘अन ग्विन’ अँग्विन झाले.

गोव्हची भावंडे शेजारच्या केल्टिक भाषांत सापडतात. वेल्शमध्ये ‘गोव’, आयरिशमध्ये ‘गाबा’. आयर्लंडमधले मॅकगोवन आडनाव म्हणजे लोहाराचा मुलगा. समुद्रापलीकडच्या ब्रिटनी प्रांतात हाच लोहार ‘ल गॉफ’ झाला. तिथे उपपद फ्रेंच भाषेचे बसले आणि लोहार तेवढा ब्रेटन राहिला. कॉर्नवॉलमध्ये दोन्ही तुकडे घरचेच टिकले.

कॉर्निश आडनावांची ठळक ओळख मात्र धंद्याची नसून गावाची आहे. ‘ट्रे’ म्हणजे वस्ती, ‘पोल’ म्हणजे डोह, ‘पेन’ म्हणजे टोक. या तिघांवरून कॉर्निश माणूस ओळखावा अशी म्हण रिचर्ड केअरू याने 1602 च्या आपल्या कॉर्नवॉल-वर्णनात नोंदवली आहे. आपल्याकडच्या ‘कर’सारखाच हा प्रकार, फक्त खूण शेवटी न येता सुरुवातीला येते. लोहार या गर्दीतही आहेच : ट्रेंगोव्ह हे स्थलनाव आणि त्यावरून आलेले आडनाव म्हणजे ‘लोहाराची वस्ती’.

कॉर्नवॉलमध्ये, विशेषतः पश्चिमेकडे, आडनावे उशिरा पक्की झाली. सोळाव्या शतकातही शेत बदलले की नाव बदलणारी माणसे होती. तोवर अन गोव्ह हे नाव ऐरणीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे होते. मुलगा शेतीकडे वळला तर त्याला ते चिकटेलच असे नव्हते. 1538 मध्ये इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी असा हुकूम निघाला. वहीत चढलेले नाव मग मुलांकडे, नातवंडांकडे जाऊ लागले, धंदा कोणताही असो. लोहार गावोगाव असल्यामुळे सगळे अँगोव्ह एका मूळपुरुषाचे वंशज असण्याची शक्यता फार थोडी.

नेमका मूळपुरुष शोधण्याचा मोह मात्र होतो, कारण इतिहासात एक थोर ‘अन गोव्ह’ आहे. सातव्या हेन्रीने स्कॉटलंडवरच्या स्वारीसाठी कर बसवला, तेव्हा 1497 मध्ये सेंट केव्हर्नचा लोहार मायकेल जोसेफ आणि बॉडमिनचा वकील टॉमस फ्लॅमँक यांच्यामागे हजारो कॉर्निश लोक लंडनवर चालून गेले. 17 जूनला डेटफर्डच्या पुलाजवळ त्यांचा पराभव झाला आणि 27 जूनला टायबर्नला दोघांना देहदंड मिळाला. आपले नाव अमर होईल, असे मायकेल शेवटच्या वाटेवर म्हणाल्याचे सांगतात. नाव अमर झालेही. पण ‘अन गोव्ह’ ही त्याची धंद्यावरून पडलेली ओळख होती. तेवढ्यावरून आजच्या अँगोव्ह घराण्यांना त्याचे वंशज ठरवणे हा उत्साहाचा भाग झाला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कॉर्निश बोलीभाषा म्हणून विझली. घरातल्यांनाही अर्थ कळेनासा झाला, आणि नाव बहुधा त्यामुळेच वाचले; अर्थ उमगत असता तर इंग्रजी अमलात त्याचे स्मिथ व्हायला वेळ लागला नसता.

याच काळात कॅम्बोर्न-रेडरुथच्या पट्ट्यात तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी भरात होत्या. लोहार खाणीला पावलोपावली लागे. ग्रॅनाइटमध्ये सुरुंगाचे भोक पाडणाऱ्या पोलादी पहारी पाहता पाहता बोथट होत. त्या लोहारशाळेत येत, भट्टीत लाल होत, टोक घणाखाली ठोकून निघे आणि पाण्यात बुडवून त्याला पाणी दिले जाई. पाणी कमी पडले तर टोक दबे, जास्त झाले तर तुटे.

1866 मध्ये तांब्याचा बाजार कोसळला. पुढच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या आणि मलायाच्या स्वस्त कथिलाने उरलेल्या खाणींनाही घेरले. परदेशी जाण्याच्या वाटा त्याआधीच पडलेल्या होत्या : 1820 च्या दशकात मेक्सिकोतील रेआल देल मोंते, मग अमेरिकेतील मिशिगन आणि कॅलिफोर्निया, 1840 च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियातील कपुंडा आणि बरा, 1861 नंतर मूंटा. पुढे कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही कॉर्निश खाणकामगार आले. 1815 ते 1914 या शंभर वर्षांत सुमारे अडीच लाख माणसे कॉर्नवॉल सोडून परदेशी गेली असा अंदाज आहे. आडनावेही त्यांच्याबरोबर जहाजात बसली.

गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियात अँगोव्ह या नावाला प्रसिद्धी मिळाली ती लोहारामुळे नाही आणि खाणीमुळेही नाही. डॉ. विल्यम टॉमस अँगोव्ह यांनी 1886 मध्ये कॉर्नवॉलहून येऊन अ‍ॅडलेडजवळच्या टी ट्री गली इथे दवाखाना थाटला, रोग्यांसाठी शक्तिवर्धक म्हणून वाइन करून पाहिली आणि द्राक्षमळा वाढवला. सेंट अ‍ॅग्नेस हे त्या मळ्याचे नाव कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका पॅरिशचेही आहे. 1910 मध्ये मुलगा टॉमस कार्लायन याने मरे नदीकाठच्या रेनमार्क इथे वाइनचा कारखाना काढला. नातू टॉम अँगोव्ह याने 1965 मध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या वाइनच्या पिशवीचे पेटंट घेतले. आत एक गॅलनची पॉलिथिनची पिशवी. गिऱ्हाइकाने तिचा कोपरा कापायचा, हवी तेवढी ओतायची आणि चिमट्याने तोंड बंद करायचे. नळाची तोटी नंतर आली.

इकडे कॉर्नवॉलमध्ये हेन्री जेनर यांच्या 1904 च्या पुस्तकापासून भाषेचे पुनरुज्जीवन सुरू झाले आणि 2002 मध्ये ब्रिटिश सरकारने कॉर्निशला अल्पसंख्याक भाषा म्हणून मान्यता दिली. नव्याने शिकणाऱ्यांच्या शब्दसंग्रहात ‘गोव्ह’ पुन्हा साध्या अर्थाने आला आहे : लोहार.