वातानुकूलन अभिकल्पाचे शिक्षण
वातानुकूलन अभिकल्पाचे शिक्षण : इमारतीतील हवेचे तापमान, आर्द्रता, स्वच्छता व अभिसरण ही इष्ट मर्यादेत राखणारी यंत्रणा निवडणे, तिची क्षमता काढणे व तिचे आराखडे तयार करणे यांस वातानुकूलन अभिकल्प म्हणतात. तापन, शीतन आणि वायुवीजन ही त्याची तीन अंगे होत. थंड देशांत तापनाला महत्त्व असते व हिवाळ्यातील रात्रीचा उष्णताक्षय काढला की बरेचसे काम होते. भारतात काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश यांसारखे भाग वगळता शीतनाचाच प्रश्न मुख्य असून तो अधिक गुंतागुंतीचा आहे.

या शास्त्राचा उगम तापमानाच्या नव्हे, तर आर्द्रतेच्या प्रश्नातून झाला. १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद प्रसरण पावून रंगांचे ठसे एकमेकांवर जुळत नसत. विलिस हॅविलंड कॅरियर (१८७६–१९५०) या अभियंत्याने थंड वेटोळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातील जादा बाष्प काढण्याची योजना आखली. हवा व बाष्प यांच्या मिश्रणाविषयीची सूत्रे त्याने १९११ मध्ये अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. त्यांवर आधारलेला आर्द्रतामितीय आलेख हे आजही विद्यार्थ्याचे पहिले साधन आहे. तो पाठ करून येत नाही. त्यावर हवेचा प्रवास बिंदूबिंदूने काढूनच तो अंगवळणी पडतो.

उदाहरणादाखल सु. शंभर माणसांच्या एका सभागृहास दर सेकंदास १ किग्रॅ. ताजी हवा लागते व आत २४° से. तापमान आणि ५०% सापेक्ष आर्द्रता राखावयाची आहे, असे मानू. मुंबईत मे महिन्यात बाहेरच्या हवेचे कोरड्या फुग्याचे तापमान ३४° से. व ओल्या फुग्याचे २८° से. धरल्यास दर किग्रॅ. कोरड्या हवेत सु. २१·६ ग्रॅ. बाष्प असते, आतील हवेत ते सु. ९·३ ग्रॅ. असावयास हवे. तापमान उतरविण्यासाठी सु. १० किवॉ., तर बाष्प काढण्यासाठी सु. ३१ किवॉ. शीतन लागते. म्हणजे तीन-चतुर्थांश भार तापमापकाला दिसतच नाही. नागपुरात ही तापमाने अनुक्रमे ४४° व २४° से. धरली, तर हवा दहा अंशांनी अधिक तापलेली असूनही एकूण भार सु. २३ किवॉ. एवढाच भरतो व त्यातील बाष्पाचा वाटा अगदी अल्प असतो. नागपूरच्या अशा हवेत ८०% कार्यक्षमतेचा साधा कूलर तापमान १६ अंशांनी उतरवितो, मुंबईत मात्र ते जेमतेम पाच अंशांनी उतरते व खोली ओलसर होते. एका शहरातील अनुभव दुसऱ्या शहरात तसाच वापरणे किती धोक्याचे आहे, हे या एका गणिताने जेवढे पटते तेवढे व्याख्यानांनी पटत नाही.

नवशिक्याची नेहमीची चूक कमी क्षमतेची नसून जास्त क्षमतेची असते. भिंतींसाठी थोडी, माणसांसाठी थोडी, शेवटी एकूण बेरजेवर आणखी थोडी, अशी सुरक्षिततेची भर घालत तो आवश्यकतेच्या दीडपट यंत्र बसवितो. असे स्थिर क्षमतेचे यंत्र खोली लवकर थंड करून बंद पडते. वेटोळ्यावरून पुरेसे पाणी गळण्यास वेळच मिळत नाही. परिणामी खोली थंड पण दमट राहते, भिंतींवर बुरशी धरते व विजेचा खर्चही वाढतो.

भाराचे गणित वेळेशीही निगडित आहे. काचेतून येणारे ऊन खोलीतील वस्तूंना तत्काळ तापवू लागते, तर विटांच्या २३ सेंमी. जाडीच्या भिंतीतून उष्णता आत पोचण्यास काही तास लागतात. पूर्वेच्या खोल्यांचा कमाल भार सकाळी, तर पश्चिमेच्या खोल्यांचा दुपारनंतर येतो. म्हणून मध्यवर्ती यंत्राची क्षमता ही सर्व खोल्यांच्या कमाल भारांच्या बेरजेपेक्षा कमी ठेवता येते. शीतनक्षमता अद्यापि टनांत सांगण्याची रूढी आहे. एक टन म्हणजे ९०७ किग्रॅ. बर्फ २४ तासांत वितळण्याच्या दराएवढे, सु. ३·५२ किवॉ. शीतन होय [⟶ प्रशीतन].

वातनलिकांचा अभिकल्प कागदावर सोपा वाटतो. एकाच नलिकेतून दुप्पट हवा नेल्यास दाबाची हानी सु. चौपट व पंख्याची शक्ती सु. आठपट होते; तेव्हा नलिका रुंद असाव्यात हे उघड आहे. पण तुळई व खोटे छत यांच्या मधील जागा वास्तुशिल्पज्ञाने आधीच ठरविलेली असते. तेथूनच पाण्याचे नळ, अग्निशमनाची नळयोजना व विजेच्या तारा जावयाच्या असतात. वास्तुशिल्पीय व संरचनात्मक आराखडे एकमेकांवर ठेवून वाचण्याची सवय महाविद्यालयात क्वचितच लागते. ती सल्लागाराच्या कचेरीत किंवा प्रत्यक्ष बांधकामावर लागते. वेटोळ्याखालच्या तबकातील पाणी वाहून नेणाऱ्या नळाला उतार न दिल्याने गळणारी छते सर्वत्र आढळतात. हे काम क्षुल्लक समजून शिकाऊ उमेदवारावर सोपविले जाते, हे त्याचे एक कारण असावे.

चुकीचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नसतात. अग्निरोधक भिंत ओलांडणाऱ्या नलिकेत आपोआप मिटणारी झडप नसेल, तर धूर तिच्यावाटे इतर मजल्यांवर पसरतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका अधिवेशनास जमलेल्यांत न्यूमोनियासारख्या रोगाची साथ उद्‌भवली. तिला कारण असलेले लीजिओनेला जंतू शीतन मनोऱ्यातील कोमट पाण्यात वाढू शकतात, हे त्यानंतर स्पष्ट झाले. कोविड-१९ च्या साथीनंतर ताज्या हवेचे प्रमाण व गाळण्या यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे.

भारतात यांत्रिक अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात ऊष्मागतिकी, द्रायुयामिकी व उष्णतासंक्रमण हे पायाभूत विषय असतात. प्रशीतन व वातानुकूलन हा बहुधा वरच्या वर्गातील विषय असतो. यंत्रांची जोडणी व दुरुस्ती यांचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिळते. राष्ट्रीय इमारत संहिता (१९७०, सुधारित आवृत्ती २०१६) आणि ऊर्जासंधारण इमारत संहिता (२००७, सुधारित आवृत्ती २०१७) यांचा परिचय अभिकल्पकास आवश्यक असतो. माँट्रिऑल करार (१९८७) व त्यातील किगाली दुरुस्ती (२०१६) यांमुळे प्रशीतके बदलत गेली असल्याने जुन्या कोष्टकांतील आकडे तपासूनच वापरावे लागतात. उष्णताभाराची आकडेमोड आता संगणक करतो. तथापि काचेचे क्षेत्रफळ दहापट भरले गेल्यास संगणक ते निमूटपणे स्वीकारतो. म्हणून निदान एका खोलीचा भार हाताने काढून पाहण्याची प्रथा अनेक कचेऱ्यांत टिकून आहे. इमारत वापरात आल्यावर प्रत्येक झरोक्यातील हवेचा वेग व खोल्यांतील आर्द्रता मोजून त्या नोंदी मूळ गणिताशी ताडून पाहतात व त्यानुसार झडपा पुन्हा जुळवितात.