सूक्ष्मनियंत्रकाच्या आज्ञावलीसाठी साधनांची निवड

तपमानाची नोंद घेणारे एखादे उपकरण बत्तीस सेकंद बिनचूक चालते आणि त्यानंतर काळाच्या रकान्यात एकाएकी ऋण संख्या उमटू लागतात. तारांची जोडणी निर्दोष असते. दोष असतो तो आज्ञावलीत. अर्डुइनो ऊनो या बोर्डावर ‘इंट’ या प्रकारची पूर्णांक राशी १६ बिटांची असून तिची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. मिलिसेकंदांत मोजलेला काळ तीत साठविल्यास ही मर्यादा ओलांडताच तो ऋण होतो. हीच आज्ञावली रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर चालविली, तर तेथे इंट ३२ बिटांची असल्यामुळे तोच दोष सुमारे पंचवीस दिवस दडून राहतो. असा दोष कोणत्या साधनाने उघडकीस येईल, हा साधनांच्या निवडीतील पहिला प्रश्न होय.

आज्ञावली लिहिण्यासाठी संपादक, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्यासाठी संकलक अर्थात कंपायलर, ती बोर्डावर उतरविणारा कार्यक्रम आणि दोष शोधणारा डीबगर, असे या साधनांचे चार घटक आहेत. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली जन्मास आलेल्या अर्डुइनोने यांपैकी पहिले तीन एकाच खिडकीत आणून नवशिक्याची वाट सुकर केली. डीबगरची उणीव मात्र दीर्घकाळ राहिली. २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीने ती काही ठराविक बोर्डांपुरती भरून काढली.

डीबगरच्या अभावी राशींची मूल्ये सीरियल मार्गाने संगणकाच्या पडद्यावर छापण्याचा प्रघात आहे. तो सोपा खरा, परंतु निरुपद्रवी नव्हे. ९६०० बॉडच्या गतीने एक अक्षर पाठविण्यास सुमारे एक मिलिसेकंद लागतो; पाठवणीची राखीव जागा भरली, की आज्ञावली थांबून राहते आणि ज्या कालमापनाची परीक्षा करावयाची तेच बिघडते. शिवाय ऊनोवर चल राशींसाठी अवघी २ किलोबाइट स्मृति असते व छापावयाचा मजकूरही, विशेष योजना न केल्यास, तीतच जागा अडवितो. पिकोवर दोन संकेततारा व एक भू-तार जोडून बाहेरील डीबगरच्या साहाय्याने आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबविता येते. दुसरा पिको बोर्डच त्यासाठी मध्यस्थ म्हणून वापरता येतो.

मायक्रोपायथनची उपयुक्तता निराळी आहे. त्यात एकेक आज्ञा देऊन तत्काळ उत्तर मिळते. म्हणून अपरिचित संवेदकाची ओळख करून घेण्यास ते उत्तम. तथापि त्याची गती मंद असून स्मृति मोकळी करण्यासाठी ते मधूनच अनियमित विराम घेते. मायक्रोसेकंदांची अचूकता हवी असेल तेथे सी अथवा सी++ याच भाषांचा आश्रय करावा.

संशोधनात आणखी एक अपेक्षा असते, ती पुनरावृत्तीची. वर्षभराने दुसऱ्या विद्यार्थ्याने तोच प्रयोग करावयाचा, तर संकलक व ग्रंथालये, म्हणजे लायब्ऱ्या, त्याच आवृत्तींच्या असावयास हव्यात. प्लॅटफॉर्मआयओमध्ये बोर्डाचे नाव व या आवृत्ती एका लहानशा मजकूर-फाइलीत नोंदविता येतात, आणि ती फाइल प्रबंधाबरोबर जतन करता येते. त्याच फाइलीतून संकलकास विशेष सूचनाही देता येतात. आरंभी वर्णिलेल्या दोषाबाबत संकलक एरवी मौन पाळतो, कारण मोठी राशी लहान राशीत साठविणे भाषेच्या नियमांविरुद्ध नाही. परंतु अशा रूपांतराचा इशारा मुद्दाम मागितल्यास ती ओळ तो दाखवून देतो.

तेव्हा केवळ सोय किंवा परिचय यांवरून निवड करणे पुरेसे नाही. एका तासिकेच्या प्रात्यक्षिकास अर्डुइनोची खिडकी पुरते. संवेदकाच्या चाचणीस मायक्रोपायथन योग्य ठरते. परंतु ज्या नोंदींवर प्रबंधाचा निष्कर्ष उभा राहावयाचा, त्या घेणाऱ्या आज्ञावलीसाठी इशारे देणारा संकलक, बाहेरून जोडलेला डीबगर आणि आवृत्तींची लेखी नोंद ही तिन्ही असावीत. ऋण काळ निदान डोळ्यांत भरतो. विश्वसनीय भासणारी चुकीची संख्या तशीच निष्कर्षात उतरते.